लेकीच्या घरचं पाणी

२००४ साली मी सहा महिने अमेरिकेत होते. शिकागोजवळ शॉमबर्ग म्हणून गाव आहे, तिथे मुलगा आणि सून नोकरी करतात. नातू झाला तेव्हा सुनेची आई आधी राहून गेली आणि उन्हाळ्यात माझी पाळी आली. दिवसभर बाळ सांभाळायचं, स्वयंपाक करायचा, संध्याकाळी बाबागाडी घेऊन बिल्डिंगमागच्या तळ्याभोवती फिरायचं. तळ्यावर हंसाएवढे करडे पक्षी असत. ते माणसांना भीत नसत. मीच त्यांना वाट सोडून गवतावरून जात असे.

लेक तिथून तासाभराच्या रस्त्यावर राहते. ती शिकायला म्हणून गेली आणि तिथेच तिनं लग्न केलं. नवरा तिकडचाच, शाळेत मुलांना सुतारकाम शिकवणारा. लग्नाला आमच्यापैकी फक्त माझा मुलगा हजर होता. फोटो घरी आले ते मी पाहिले, ह्यांनी पाहिले नाहीत. ह्यांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात गेली. उशिरा आलेल्या माणसाचं कारण त्यांनी कधी ऐकून घेतलं नाही, आणि लेकीनं लग्न ठरल्यावर कळवलं होतं.

मी निघाले तेव्हा बॅगा भरताना ते दारात उभे राहून म्हणाले, "भेटायला जा तिच्याकडे. मी नाही म्हणत नाही. पण तिच्या घरचं पाणी घेऊ नकोस. रीत आहे आपली. मूलबाळ झाल्यावर बघू."

रीत होतीच. लेकीला पहिलं मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या सासरी पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हे आमच्याकडे सगळ्यांनी पाळलेलं. पण ते रीतीचं बोलत नव्हते हे मला कळत होतं. नुसता राग असता तर कधीतरी उतरला असता. रीतीचं नाव दिलं की त्याला हात लावता येत नाही. मी बरं म्हटलं. मला वाद घालता येत नाही, कधीच आला नाही.

पहिल्यांदा लेकीकडे गेले तेव्हा घरून जेवून निघाले आणि पाण्याची बाटली पिशवीत घेतली. मुलगा गाडी चालवत होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मका, दुसरं काही नाही. लेकीचं घर लाकडी, जुनं, मागे मोठं अंगण आणि अंगणात चेरीचं झाड. जावई पायऱ्या उतरून पुढे आले. उंच, दाढीवाले, हात जोडून "नमस्कार, आई" म्हणाले. लेकीनं शिकवलं असणार. मग वाकले, पण पायापर्यंत पोचावं की नाही हे त्यांना नक्की कळेना, म्हणून मध्येच थांबले. मला हसू आलं आणि मी पदर तोंडावर धरला.

लेकीनं पोहे केले होते. मी म्हटलं, पोट भरलंय. चहा केला, म्हटलं, आत्ताच झाला. तहान लागली तेव्हा पिशवीतली बाटली काढली आणि दोन घोट प्यायले. लेकीनं ते पाहिलं. तिला रीत माहीत होती. तिनं पोह्यांवर ताटली झाकली. जावयांनीही पाहिलं असावं, पण त्यांना त्यातलं काय कळणार.

त्या दिवशी त्यांनी मला तळघर दाखवलं. तिथे त्यांची करवत, रंधे, पट्ट्या, सगळं भिंतीला ओळीनं लावलेलं. कोपऱ्यात लाकडी घोड्यावर एक छोटं पिंप आडवं ठेवलं होतं, दोन हंडे पाणी मावेल एवढं. आधी त्यात द्राक्षाची दारू असायची, असं लेक म्हणाली. आता जावयांनी स्वतः केलेली बिअर त्यात होती, वर्षभर मुरायला ठेवलेली. ही नेहमीसारखी कडू नसते, आंबट असते, असंही तिनं सांगितलं. मला दोन्हींतला फरक माहीत नव्हता. आमच्या घरी बाटली कधी आली नाही. पण पिंपाजवळ जो वास येत होता तो मात्र ओळखीचा होता. कारखान्याच्या मागच्या बाजूला मळीचे हौद होते, तिथून वारा आला की असाच काहीतरी जड, आंबूस वास येई. इथे त्यात ओल्या लाकडाचा वास मिसळलेला होता.

झाडाची चेरी पिकली की ती ह्या पिंपात जायची होती. लेक म्हणाली, "आई, एक वर्ष वाट बघतोय तो. मला वाटतं, लग्नाचीसुद्धा एवढी वाट पाहिली नसेल त्यानं."

चेरी जुलैत पिकली. पाखरं खातात म्हणून त्यांनी झाडाला जाळं घातलं होतं. त्या रविवारी मुलगा, लेक, जावई तिघांनी मिळून एक मोठी बादली भरली. लालभडक, लहान, पातळ सालीची फळं. ही जात नुसती खायला फार आंबट, असं मुलगा म्हणाला आणि तोंड वाकडं करून तीनचार खाल्ली. मग तो आणि जावई कसलीशी नळी आणायला दुकानात गेले. लेकीचा ऑफिसचा फोन आला, ती वरच्या खोलीत गेली. सून बाळाजवळ आत झोपली होती. बादली माझ्यासमोर होती.

मला नुसतं बसायची सवय नाही. चिंच घरात आली की आधी चिंचोके काढायचे, आवळे आले की बिया काढायच्या, हे हाताला माहीत. मी अंबाड्यातला आकडा काढला, धुतला, आणि देठाच्या भोकातून घालून एकेक बी बाहेर ओढायला लागले. छान निघत होती. रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होता. एकही तोंडात टाकली नाही. लेकीच्या अंगणातलं फळ, मग त्यालाही पाण्याचीच रीत. दुकानातून त्यांना यायला उशीर झाला आणि तोवर माझी बादली संपली होती. बिया मी झाडाखाली मातीत टाकूनही आले होते.

जावई आले. बादलीत पाहिलं, मग माझ्या हातांकडे पाहिलं. लेक वरून उतरत होती, तिनंही पाहिलं आणि ती जिन्यातच थांबली. चेरी अख्खी घालायची असते, बियांसकट. बियांची कडवट बदामासारखी चव हळूहळू उतरते, तीच तर हवी असते. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की त्यांचा चेहरा एक क्षण उतरला आणि त्यांनी तो लगेच नीट केला. ते लेकीला काहीतरी म्हणाले. लेक म्हणाली, "तो म्हणतोय, थँक्यू. एवढं काम कोण करतं."

मी म्हटलं, "खरं सांग."

मग तिनं खरं सांगितलं. मला तिथून उठून कुठे जावं कळेना. जावई झाडाखाली गेले, वाकून मातीत पाहिलं आणि परत आले. मातीत मिसळलेल्या बिया आता पिंपात घालून चालणार नव्हतं. झाडावर जे उरलं होतं ते पाखरांनी टोचलेलं होतं. त्यांनी ती बिनबियांचीच चेरी मूठमूठ करून पिंपात सोडली, वर लाकडी बूच बसवलं आणि माझ्याकडे बघून छान म्हणतात तसा अंगठा वर केला. परतताना गाडीत मुलगा म्हणाला, "अगं आई, छंद आहे त्याचा, नोकरी नाही. सोड." मी सोडलं नाही.

त्या वर्षी अधिक श्रावण आला. अधिक महिन्यात जावयाला बोलावून अनारशांचं वाण द्यायचं असतं. ह्यांना न विचारता मी ते मुलाच्या घरी केलं. तांदूळ भिजत घातले, रोज पाणी बदललं, गूळ घालून पीठ डब्यात दाबून ठेवलं. जावयांना त्या डब्याचं फार नवल वाटलं. झाकण उघडून वास घेत होते आणि लेकीला विचारत होते की हे आंबवायचं कुणी शोधून काढलं. अनारसे वातड झाले, तिथला तांदूळ वेगळा. तरी त्यांनी खूप खाल्ले आणि खसखस दाढीत अडकली. सुनेनं फोटो काढला. त्यांनी माझ्या हातचं निवांत खाल्लं आणि पुढच्या रविवारी मी त्यांच्या घरी पुन्हा माझी बाटली घेऊन बसले.

दर आठवड्याला ह्यांचा फोन. बाळ कसं आहे, थंडी पडली का, आणि शेवटी, "तिकडे गेली होतीस?"

"गेले होते."

"काही घेतलं नाहीस ना?"

"नाही."

"बरं." एवढंच. लेक कशी आहे, हे विचारत नसत.

ऑक्टोबरात झाडांची पानं लाल झाली तेव्हा एकदा लेकीकडून परतताना मुलानं गाडीतला रेडिओ बंद केला. मग म्हणाला, "तो आज मला विचारत होता. आईंना आमचं घर अस्वच्छ वाटतं का? मी दारू बनवतो म्हणून? की मी बीफ खातो म्हणून? त्यानं वेगळी भांडी आणून ठेवलीत, आई. कोरी. तुझ्यासाठी."

मी विचारलं, "मग तू काय सांगितलंस?"

"काय सांगू? कस्टम आहे म्हटलं. तो म्हणाला, मग तू कसा जेवतोस इथे?"

भाऊ जेवतो, आई जेवत नाही, हे इंग्रजीत कसं सांगायचं ते त्यालाही कळलं नसेल. मला मराठीतही सांगता आलं नसतं.

घरी येऊन मी बाळाचे कपडे घड्या करत बसले आणि मला माझी आई आठवली. माझं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी ती मला भेटायला आली होती, चैत्रात, एस्टीतून उतरून भर उन्हात चालत. मी धावत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. ती म्हणाली, "नको गं, अजून नाही." शेजारणीच्या घरी जाऊन पाणी प्यायली आणि परत येऊन माझ्याजवळ बसली. सासूबाई म्हणाल्या, रीतीची बाई आहे. मी तांब्या धरून उभी होते तशी आत गेले. रीतच ती, त्यात काय वाईट वाटून घ्यायचं, असं मी पुष्कळ वर्षं म्हणत आले. पण तो तांब्या हातात किती जड झाला होता ते मला अजून आठवतं. आई माझा थोरला व्हायच्या आधीच गेली. माझ्या घरचं पाणी तिनं कधीच घेतलं नाही.

तरी मी त्यानंतरही बाटली नेत राहिले. कळलं म्हणून माणूस लगेच बदलतो असं नाही.

डिसेंबरात माझं परतीचं तिकीट होतं. त्याआधीच्या रविवारी आम्ही लेकीकडे गेलो. सून सर्दीनं घरी राहिली, बाळही तिच्याजवळ. बाहेर बर्फ पडलेलं, झाड काळं, काटकुळं. जावयांनी महिन्याभरापूर्वी पिंपातली बिअर बाटल्यांत भरली होती आणि आज पहिली बाटली उघडायची होती. माझ्यासाठी थांबले होते, असं लेक म्हणाली. मी कोचाच्या कडेला नेहमीच्या जागी बसले, पिशवी पायाशी ठेवली.

त्यांनी जाड काचेची बाटली आणली, टेबलावर ठेवली आणि तीन छोटे पेले मांडले. एक मुलाला, एक लेकीला, एक स्वतःला.

मी ते पेले पाहत राहिले. त्यात राग नव्हता. मला नाही म्हणावं लागू नये म्हणून त्यांनी मांडलाच नव्हता. सहा महिन्यांत मी त्यांना हे शिकवलं होतं.

मी लेकीला म्हटलं, "मला नाही का?"

ती म्हणाली, "आई, दारू आहे ती."

"माहीत आहे मला. बिया मीच काढल्यात."

मुलगा हसला. लेक हसली नाही. ती म्हणाली, "आणि बाबांना काय सांगशील?"

"ते मी बघते."

जावयांना यातलं एक अक्षर कळलं नव्हतं. लेकीनं त्यांना दोन शब्दांत काहीतरी सांगितलं. ते उठले, आत गेले आणि नव्या भांड्यांतला एक पेला घेऊन आले. मी मान हलवली आणि टेबलावरच्या पेल्यांकडे बोट केलं. मग त्यांनी त्यातलाच चौथा आणला.

बूच निघालं तेव्हा लहानसा आवाज झाला. पेल्यात ओतल्यावर गुलाबी फेस वर आला आणि साबणाच्या फेसासारखा लगेच बसला. रंग डाळिंबाच्या दाण्याचा, पण गढूळ. मी आधी वास घेतला. मळीच्या हौदाचा जडपणा आता नव्हता. दोनतीन दिवसांचं ताक, धुऊन उन्हात वाळत घातलेली लाकडी काठवट, आणि खाली कुठेतरी फळ. मी घोट घेतला. गोड लागेल असं उगाच वाटलं होतं, फळ घातलंय म्हणून. गोड अजिबात नव्हतं. आधी आंबट, इतकं की डोळे मिटले. मग दाढांपाशी तुरट, कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ खरखरीत होते तसं. ते ओसरलं तेव्हा एकदम चेरी आली, जुलैत माझ्या हातांना जो वास दोन दिवस राहिला होता तोच. आणि छातीत थोडी ऊब.

सगळे माझ्याकडे बघत होते. मला लोकांनी बघितलं की घास गिळवत नाही, पण हा आधीच गिळून झाला होता.

जावयांनी त्यांचा घोट बराच वेळ तोंडात धरला. मग बोलले. मी लेकीला म्हटलं, खरं सांग.

लेक म्हणाली, "तो म्हणतोय, पुढून छान आहे. मागून काहीतरी कमी आहे. बियांचं."

मला ते आवडलं. छान झालंय, असं नुसतं म्हणाले असते तर मला परत तो जुलैचा चेहरा आठवला असता. मी दुसरा घोट घेतला, कमी आहे ते कुठे आहे ते बघायला. तो घशात लागला आणि मला ठसका आला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. मुलगा चटकन वाकून माझ्या पिशवीतली बाटली काढायला लागला. झाकणसुद्धा उघडलं त्यानं.

मी हातानं नको केलं. बोलता येईपर्यंत थांबले आणि म्हटलं, "ते नको. हिच्या नळाचं दे."

लेक उठली नाही. तिला ऐकू आलं नसावं असं वाटून मी पुन्हा म्हटलं, "पाणी दे गं बाई, घसा जळतोय."

मग ती आत गेली. मोठा पेला भरून आणला, काठापर्यंत, हिंदकळत. मी सगळा प्यायले. पाणी गार होतं, किंचित लोखंडाची चव होती. नळाला ते विहिरीतून येतं असं नंतर कळलं. तिनं रिकामा पेला माझ्या हातातून घेतला आणि परत आत गेली. नळ बराच वेळ चालू होता. जावई तिच्यामागे गेले. मुलगा माझ्या बाटलीचं झाकण लावत बसला, पुन्हा पुन्हा फिरवून.

नंतर आम्ही जेवलो. भाजी जरा करपली होती, आणि कोऱ्या भांड्यांना कुणी हात लावला नाही. बिअर मात्र मी पुढे घेतली नाही. पेल्यातली उरलेली मुलानं संपवली.

घरी परत आले तेव्हा ह्यांना लगेच सांगितलं नाही. आठवडा गेला. एकदा सकाळी ते अंगणात दाढी करत होते आणि मी तुळशीला पाणी घालत होते, तेव्हा म्हटलं, "मी लेकीच्या घरचं पाणी घेतलं. आणि जावयांनी केलेली चेरीची बिअर पण घेतली थोडी."

ते थांबले. गालावर साबण तसाच. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलतील. पण सांगून झालं होतं. ते आरशातच बघत राहिले आणि पुन्हा वस्तरा फिरवायला लागले. एक गाल झाला, मग दुसरा. तोंड धुतलं. टॉवेलात तोंड असतानाच विचारलं, "कशी होती?"

"आंबट."

"आंबट म्हणजे? चिंचेसारखी?"

"नाही."

"ताकासारखी?"

"थोडी. पण नाही."

"मग कशी?"

 मी म्हटलं, बिया असत्या तर आणखी चांगली झाली असती म्हणतात. त्यांनी विचारलं, कसल्या बिया? मग मी पायरीवर बसले आणि त्यांना पहिल्यापासून सांगायला लागले. घर लाकडाचं आहे, मागे अंगण आहे, अंगणात झाड आहे, इथून. त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि ऐकत उभे राहिले.